अक्का, पाणी बसून प्यायचं असतं

प्रिय अक्का,

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा आपण सासू-सुना एकाच घरात राहायचो. बोलायचं असलं की तुम्ही स्वयंपाकघरातून नुसती हाक मारायचात. आज माझ्या जिवाची घालमेल चालली आहे आणि ती ऐकायला तुम्हीच हव्या आहात, म्हणून ऑफिसचं पॅड काढून हॉस्पिटलच्या बाकावर लिहायला बसले आहे. बसले म्हणजे काय, दोन ओळी झाल्या की उठते, दारातून आत डोकावते आणि परत येते. अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या.

अप्पा पडले, अक्का.

घाबरू नका! आधी सगळं ऐकून घ्या. हॉलमधल्या घड्याळाला किल्ली द्यायला ते स्टुलावर चढले. या घड्याळावरून तुमचा दर शनिवारी वाद व्हायचा, आठवतं? "रघूला सांगा की! ह्या वयात तुम्ही कसाला चढालात?" असं तुम्ही ओरडायचात, आणि अप्पा चढायचेच. जन्मभर रेल्वेत नोकरी केलेला माणूस, वेळेचं काम दुसऱ्याच्या हातात देईल होय? तुम्ही होतात तेव्हा निदान कोणीतरी स्टूल धरायला उभं असायचं. परवा कोणी नव्हतं. स्टूल सरकलं आणि उजवा खुबा मोडला.

तुमचाही उजवाच होता.

हॉस्पिटलही तेच, तांबरमचं. मजलाही तोच. रघू काउंटरवर म्हणाला, "दुसऱ्या मजल्यावर खोली द्या." शेवटी मिळाली ती तुमच्या खोलीच्या बरोबर समोरची. तुमच्या खोलीत आता कोणी तरुण मुलगा आहे, मोटरसायकलवरून पडलेला. तो दिवसभर मोबाइलवर गाणी वाजवतो. मला त्याचा उगाचच राग येतो.

अप्पांचं ऑपरेशन काल झालं, चांगलं झालं. पण मला कोणी "ऑपरेशन चांगलं झालं" असं सांगितलं की मी उठून पुन्हा आत डोकावून येते. तुमचंही चांगलंच झालं होतं ना! हाड कसं सुरेख बसलंय ते सगळ्यांना फिल्म धरून दाखवलं होतं. आणि मग हाड जागच्या जागी राहिलं आणि तुम्ही गेलात.

आता डॉक्टरबाई म्हणतात, आज दुपारी अप्पांना उभं करायचं. आज! टाके ओले असताना! हे ऐकून कमलामावशी पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. तुमची ही धाकटी बहीण कालच कुंभकोणमहून आली आहे, आणि आल्यापासून तिचं एकच पालुपद: "पडू दे गं त्यांना निवांत." रघूही मनातून तिच्याच बाजूचा आहे. तोंडाने "डॉक्टर म्हणतात तसं" म्हणतो, पण मघाशी हळूच मला म्हणाला, "एक दिवस थांबू या का?" मी नको म्हटलं. म्हटलं खरं, आणि बाहेर येऊन हे पॅड काढलं.

मला एवढंच हवं आहे, अक्का. अप्पा आपल्या पायांनी आणि आपल्या शुद्धीत घरी यावेत. जास्त काही मागतेय का?

तो उन्हाळा काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. सगळ्या चेन्नईत पाणी नव्हतं. आपली विहीर खडखडीत कोरडी पडली होती. पाण्याची लॉरी आली की गल्लीतल्या बायका हिरवी, केशरी, निळी प्लास्टिकची कुडं, आम्ही घागरी म्हणतो ती, घेऊन धावायच्या, आणि त्यांच्या पुढे तुम्ही! मी आणि रघू सकाळच्या गाडीने नुंगंबाक्कमला ऑफिसला निघून जायचो. तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं की अर्धंच कुड भरा, संध्याकाळी आम्ही बघतो. तुमचं उत्तर ठरलेलं. "संध्याकाळी लॉरी तुझ्यासाठी थांबेल होय?" कडेवर भरलेलं कुड घेऊन पायरी चढताना, सांडलेल्या पाण्यावरूनच तुमचा पाय घसरला. लोक सांगतात, पडल्यावर तुम्ही आधी विचारलंत, "पाणी सांडलं का?"

खरंच तसं विचारलंत का हो? मला अजून त्यावर हसावं की रडावं कळत नाही.

आणि आपलं भांडणही पाण्यावरूनच सुरू झालं होतं. लग्न होऊन मी नगरहून तुमच्या घरात आले त्या पहिल्याच दिवशी. तहान लागली होती, पेला उचलला आणि ओठाला लावून गटागटा प्यायले. तुमचा चेहरा असा झाला, जणू मी काचेचं काही फोडलंय! "कसाला गं भांड्याला ओठ लावतीस? वरून पी की, वरून!" मला कुठलं जमायला? मान मागे टाकून वरून ओतलं ते अर्धं नाकात, अर्धं नव्या साडीवर. अप्पा पेपराआड हसत होते.

आम्ही नगरकडचे लोक तुमच्यासारखंच मराठी बोलतो, डांगर खातो, देव्हाऱ्यात तोच खंडोबा. पण घरातल्या भांड्याला ओठ लावणं तुमच्या लेखी उष्टं. तंजावरच्या आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली रीत, इकडच्या तमिळ शेजाऱ्यांच्या घरीही तीच. चार दिवसांनी तुम्ही बाजारातून एक स्टीलचा पेला आणलात आणि त्यावर माझं नाव कोरून घेतलंत. "हा तुझा. ह्याला काय ते ओठ लाव." मी रात्री रघूपाशी रडले, मला वाळीत टाकलं म्हणून. तो म्हणाला, "वेडी आहेस. ह्या घरात स्वतःच्या नावाचं भांडं माझंसुद्धा नाही." तेव्हा पटलं नाही. नंतर तुम्ही त्या पेल्यात मला रोज ताक ठेवायला लागलात, तेव्हा पटलं.

पण तुमची ती रीत, अक्का, ती तुम्ही हॉस्पिटलातही सोडली नाहीत! नळीवाला प्लास्टिकचा पेला सिस्टरने दिला तर तुम्ही मान फिरवलीत. "किती जणांच्या तोंडाला लागलेला, वेंडाम." चमच्याने द्यावं तर चमच्याला ओठ लागतो. त्यात आंघोळ झाल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही हे व्रत, आणि खाटेवर आंघोळ कुठली? ओल्या फडक्याने अंग पुसलं ती तुमच्या मते आंघोळच नव्हे. म्हणजे दुपार होईपर्यंत तुम्ही कोरड्याच. आणि खरं सांगू का, आणखी एक कारण होतं ते तुम्ही मला कधी बोलून दाखवलं नाहीत, पण मी बाईच आहे, मला कळत होतं. पाणी प्यायलं की खाटेवरच भांडं मागावं लागणार, आणि खोलीत सतत पुरुष माणसं. म्हणून कमी प्यायचं. होय ना? तुम्ही मला एकदा नुसती खूण करायला हवी होती. मी सगळ्या पुरुषांना बाहेर हाकललं असतं, डॉक्टरांसकट!

ओठ कोरडे पडायला लागले, मग मात्र आम्ही घाबरलो. कोणीतरी म्हणालं, त्यांच्या पद्धतीने द्या, पितील. मग काय, तुमच्या पद्धतीने! तुम्ही खाटेवर सपाट आडव्या, ऑपरेशन होईपर्यंत पाय वजनाला बांधलेला, आणि आम्ही उशाशी उभे राहून वरून तोंडात पाण्याची धार सोडतोय. कधी रघू, कधी मी, कधी अप्पा, सगळ्यांत जास्त कमलामावशी. तंजावरहून, कुंभकोणमहून जो जो बघायला आला त्याने एकेक घोट पाजला. पुण्याचंच काम ना ते, आजाऱ्याला पाणी पाजणं. घरून कॉफी आणली तीही तशीच.

तुम्हाला ठसका लागायचा. दर खेपेला. आणि आम्ही काय म्हणायचो? "कोण आठवण काढतंय बरं?" मावशी एकेक नाव घ्यायच्या. सेलमची भाची, मदुराईचे मामा. ज्याच्या नावाला ठसका थांबेल त्याने आठवण काढली. तुम्हीही खोकता खोकता हसायचात. खोलीभर हसू व्हायचं. आता तो हसण्याचा आवाज आठवला की मला या बाकावर बसवत नाही.

थांबा, आत काही आवाज आला. बघून येते.

काही नाही. अप्पांनी चष्मा मागितला होता. त्यांचा चष्मा, कवळी आणि कानातलं यंत्र या वेळी मी ऑपरेशन झाल्या झाल्या परत चढवायला लावलं आहे. तुमच्या वेळी आम्ही हुशारी केली. हरवतील म्हणून तुमचा चष्मा आणि कवळी घरी नेऊन कपाटात कुलूप लावून ठेवली! पुढे तुम्ही "हे कोण आहे, ते कोण आहे" विचारायला लागलात तेव्हा मला वाटलं चष्मा नाही म्हणून विचारताय. चष्मा आणून लावला तरी तुम्ही मला "कमळे" म्हणालात.

मग ते बोलणं सुरू झालं. सलाइनची नळी हातात घेऊन तुम्ही कळ्या ओवत बसायचात. छताकडे बघून वडिलांना जेवायला हाका मारायचात. जन्मभर अस्खलित तमिळ बोललेल्या तुम्ही, पण त्या दिवसांत एक तमिळ शब्द तोंडातून निघाला नाही, सगळं तंजावरचं जुनं मराठी. ड्यूटीवरची सिस्टर मला कौतुकाने म्हणाली, "पाट्टी आज छान बोलतायत!" तिला मराठी येत नव्हतं, तिला वाटलं तुम्ही आमच्याशी गप्पा मारताय. आणि आम्हाला मराठी येत होतं, तर आम्हाला वाटलं भूल उतरतेय, म्हातारपण आहे, वाताच्या भरात बोलतं माणूस. कोणी कोणाला सांगितलंच नाही की हे नवीन आहे, कालपर्यंत असं नव्हतं.

रात्रीत ताप चढला, धाप लागली, आणि मग यंत्रांच्या खोलीत नेलं तुम्हाला. तिथे तर आम्हाला येऊच देईनात. छातीत बिघाड झाला, एवढंच सांगितलं. आम्हीही तेच सगळ्यांना सांगत राहिलो. पायाला लागलं आणि छातीने नेलं, असं अप्पा म्हणायचे. त्या दोहोंच्या मधे काय झालं हे कोणी विचारलं नाही.

काल विचारलं गेलं, अक्का. कोणी न विचारताच.

ऑपरेशननंतर अप्पा जागे झाले आणि म्हणाले, "तण्णी." कमलामावशींनी लगबगीने पेला भरला. अप्पा सपाट झोपलेले. मावशी उशाशी उभ्या राहिल्या, डाव्या हाताने त्यांची हनुवटी धरली, उजव्या हाताने पेला उंच नेला. किती सवयीचा तो हात! तेवढ्यात डॉक्टरबाई आत आल्या आणि त्यांनी मावशींचं मनगट वरच्या वरच धरलं. "झोपवून पाणी नाही, अम्मा. कधीच नाही. ठसका लागतो, पाणी छातीत उतरतं. या वयात तेवढं पुरतं. आधी बसवा, मग कसं पाजायचं ते पाजा." आणि खाटेची दांडी फिरवून त्यांनी अप्पांना उठवून बसवलंसुद्धा.

मावशींचा हात तसाच वर राहिला. मी रघूकडे पाहिलं, रघूने मावशींकडे. अप्पांना यंत्र लावलेलं असूनही ऐकू गेलं की नाही कोण जाणे, ते खिडकीकडे बघत होते.

बाहेर आल्यावर मी बाईंना गाठलं. तुमचं सगळं सांगितलं आणि विचारलं, त्यानेच झालं का? त्या चांगल्या आहेत, अक्का. माझ्याच वयाच्या असतील. म्हणाल्या, "आता तसं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडलं की धोका हाडाचा कमी आणि खाटेचा जास्त. पडून राहिलं की छाती भरते, पाठीला जखमा होतात, पायात रक्त गोठतं, पाणी कमी पडलं की डोकं भरकटतं. एकातून दुसरं निघतं. म्हणून तर मी उठवायच्या मागे लागते." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही प्रेमानेच पाजत होता."

हो, प्रेमानेच! त्याचंच तर मला सुचेनासं झालंय. कोणी दुष्टपणा केला असता तर निदान भांडता आलं असतं. आता कोणाशी भांडू? रीतीशी? तुमच्याशी?

तुमच्याशीच भांडते. का नाही प्यायलात त्या नळीतून? काय बिघडणार होतं? घरी गेल्यावर गंगाजल घेतलं असतं तोंडात, शुद्ध झालं असतं! आणि दुखतं का विचारलं की दर वेळी "इल्लै, इल्लै" का म्हणायचात? कपाळावर घाम आणि तोंडाने नाही, नाही! तुमच्या त्या सोसण्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. माणूस सोसत पडून राहिलं, हललं नाही, म्हणून सगळे म्हणाले काय शांत पेशंट आहे. मला नको होता तुमचा तो शांतपणा. तुम्ही ओरडायला हवं होतं, अक्का, लॉरीवाल्यावर ओरडायचात तसं.

रागावले म्हणून रागावू नका. तुमच्याशिवाय कोणावर रागावता येतं मला?

आता राग निघाल्यावर एक गोष्ट कळतेय ती अशी, की तुमची रीत मोडायची गरजच नव्हती. इतके दिवस मी मनात म्हणत होते, अक्कांनी हट्ट सोडला असता तर. हट्ट कसला, खाटेची दांडी कोणीतरी चार वेळा फिरवायला हवी होती, बस. उंच उशाला टेकून बसलेल्या अक्का, हातात पेला, मान किंचित मागे, आणि वरून धार. एक थेंब सांडला नसता. तुम्हाला बसून पिताना मी वर्षानुवर्षं बघितलंय, तुम्हाला कधी ठसका लागलेला मला आठवत नाही.

व्यायामवाल्या बाई आल्या. जाते मी. देवाला सांगा. तुम्ही जवळ आहात त्याच्या.

अक्का! ऐका!

पण क्रमाने सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला धड सांगताही येत नाही.

अप्पांनी आधी साफ नकार दिला. "नाळैक्कु," म्हणाले, उद्या बघू. व्यायामवाल्या बाई हसून म्हणतायत, "एळुंदिरिंग, ताता, मेदुवा," उठा आजोबा, हळूहळू, आणि ताता डोळे मिटून पडलेले. रघू दाराशी उभा, मावशी देवाचं नाव घेतायत. मी विचारलं, "अप्पा, दुखतंय का?" अप्पा म्हणाले, "इल्लै."

माझं डोकंच फिरलं, अक्का. मी मोठ्याने म्हटलं, "अप्पा, हा शब्द या घरात पुन्हा बोलायचा नाही! अक्कांनी इल्लै इल्लै करत जीव सोडला. दुखत असेल तर दुखतंय म्हणा, इथे औषध आहे. तुम्ही खोटं बोललात तर मी आत्ता घरी जाऊन ते घड्याळ भंगारात देईन." सासऱ्यांशी असं बोललेय मी, तेही सगळ्यांसमोर. रघूने डोळे विस्फारले. अप्पांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघत राहिले, आणि लहान मुलासारखं त्यांचं तोंड वाकडं झालं. "लई दुखालंय गं," म्हणाले.

मग सिस्टरने दुखण्याचं इंजेक्शन दिलं, आम्ही थोडा वेळ थांबलो. व्यायामवाल्या बाईंनी एका बाजूने धरलं, रघूने दुसऱ्या. आणि अक्का, कमलामावशी पुढे झाल्या! मला वाटलं आता अडवणार. त्यांनी पदर खोचला, वॉकर अप्पांच्या पुढे आणून घट्ट धरून ठेवला आणि म्हणाल्या, "भावोजी, उठा. अक्काला पडूनच ठेवलं होतं आम्ही. तुम्ही उठा." एवढं म्हणून त्या रडायला लागल्या, पण वॉकर सोडला नाही.

अप्पा उभे राहिले. पाय लटपटत होते, तोंडाने रेल्वेतल्या शिव्या चालल्या होत्या, पण उभे राहिले! आणि तसेच दोन पावलं सरकून खुर्चीत बसले. खिडकीपाशी. बसल्याबसल्या त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथल्या फळीवर रघूने घरचं छोटं गजराचं घड्याळ ठेवलंय, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, पेशंटला दिवस आणि वेळ कळत राहावी म्हणून. अप्पांनी चष्मा सारखा केला. "हे घड्याळ मागे चालालंय. कोणी लावलं?"

रघूने मनगटावरचं घड्याळ बघितलं. खरंच मागे होतं. अक्का, तुम्ही गेल्यापासून रघूला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. अप्पांना काही कळेना काय झालं हसायला. आम्हाला काय ऐकायला मिळालं ते त्यांना कसं सांगणार!

मग त्यांनी पाणी मागितलं. रघूने घरून भांडी आणताना गडबडीत माझ्या नावाचा पेला आणला होता. मी म्हटलं, "अप्पा, हा माझा उष्टा पेला आहे, दुसरा देते." अप्पांनी पेला फिरवून माझं नाव वाचलं. "वरून पिणाऱ्याला कसलं गं उष्टं?" म्हणाले. ताठ बसले, मान थोडी मागे टाकली आणि वरून धार धरली. गळ्याची घाटी वरखाली होत होती. मी, रघू, मावशी, व्यायामवाल्या बाई, सगळे त्या घाटीकडे बघत उभे. त्यांनी पेला रिकामा केला आणि खाली ठेवला. "काय बघालात सगळे? पाणी पिणारं माणूस बघितलं नाही कधी?"

अजून सगळं बाकी आहे, मला माहीत आहे. लघवीची नळी उद्या काढतील. जखमा होत नाहीत ना म्हणून टाचा रोज बघायच्या आहेत. श्वास ओढून रंगीत चेंडू वर चढवायचं ते छातीचं यंत्र त्यांना आवडत नाही, पोरखेळ म्हणतात. बाईंनी सांगितलंय, रात्री एकदम काही वेगळं बोलायला लागले तर लगेच कळवा, कुठल्याही भाषेत असो. म्हणून मी सिस्टरला चार मराठी वाक्यं शिकवून ठेवली आहेत. ती म्हणते, "घड्याळ मागे आहे" हे सगळ्यात सोपं.

आता मी तुम्हाला शब्द देते, अक्का, आणि माझा शब्द तुम्हाला माहीत आहे. अप्पांना मी पडून राहू देणार नाही. ते रागावतील, मला नगरची भांडकुदळ म्हणतील, म्हणू देत. ते आपल्या पायांनी आपल्या पायऱ्या चढतील, त्या सांडलेल्या पाण्याच्या पायऱ्या. आणि घरी आल्यावर कमलामावशींना मी कुंभकोणमला एकटं जाऊ देणार नाही, निदान काही दिवस. त्यांचा हात अजून मधेच थांबतो, भांडं उचलताना. तो सरळ होईपर्यंत त्या आपल्याकडेच राहतील. घड्याळाला किल्ली अप्पाच देतील. पण जमिनीवर उभे राहून. रघू घड्याळ खाली लावणार आहे.

अप्पा एवढं पाणी प्यायले आणि एकदाही ठसका लागला नाही, अक्का. म्हणून कोणी आठवण काढत नव्हतं असं समजू नका हं.

भांड्याला ओठ लावणारी,
तुमची सून
वैशाली